दोन शीटांची होडी

[दृश्य: पहाट. उजनीचं पाणलोट. चिलापी माशांचं जाळं ओढणारी होडी, मागे पाण्याबाहेर आलेला चिंचेचा वाळका बुंधा.]

सोलापूर म्हटलं की डोळ्यांसमोर ऊन येतं, ज्वारी येते, चादर येते. होडी सहसा येत नाही. पण याच जिल्ह्यात भीमेवर उजनी धरण आहे. १९८० मध्ये ते पूर्ण झालं आणि मागे यशवंतसागर जलाशय पसरला. शहराला लागून, तुळजापूर रस्त्यावर हिप्परग्याचा तलाव आहे, १८७१ पासूनचा. पंढरपुरात तर चंद्रभागेच्या होडीत बसल्याशिवाय अनेकांची वारी पुरी होत नाही. पाणी आहे, पाण्यावर जगणारी माणसं आहेत. घरच्या अंगणात बांधता येईल, दोघांना उचलता येईल अशी छोटी होडी मात्र फारशी दिसत नाही. ती कशी बांधायची, ते पाहू.

लागतात प्लायवूडच्या दोन शीटा, आठ बाय चार फूट, ६ मिलिमीटर जाडीच्या. प्लायवर आयएस ७१० हा शिक्का हवा, म्हणजे मरीन प्लाय. दुकानात 'वॉटरप्रूफच आहे' म्हणून ३०३ क्रमांकाचा प्लाय पुढे करतात. तो स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक, होडीला नाही. खात्री करायची तर बोटभर तुकडा पातेल्यात दोन-तीन तास उकळा आणि वाळवा, असं तीनदा. थर सुटले, तर ती शीट परत द्या.

[दृश्य: शीटवर खिळे, खिळ्यांना टेकवून वाकवलेली लवचिक पट्टी, पेन्सिलची रेघ.]

पहिल्या शीटमधून तळ निघतो: मधे १०० सेंटीमीटर रुंद, पुढे ५०, मागे ८०. दुसरीतून ४० सेंटीमीटरच्या दोन बाजू, आणि उरलेल्या पट्टीतून पुढची व मागची आडवी फळी. बसायच्या फळ्या पहिल्या शीटच्या कापातून होतात. बाजूंची खालची कड दोन्ही टोकांकडे वर उचललेली हवी, पुढे १० सेंटीमीटर, मागे ५. ही गोलाई हाताने काढू नका. खिळे ठोकून पट्टी वाकवा आणि तिच्या कडेने रेघ मारा. दोन्ही बाजू एकावर एक आवळून एकदमच रंधा मारा. त्या केसभरही वेगळ्या निघाल्या, तर होडी आयुष्यभर एकीकडे ओढते.

आता शिवण. कडेपासून एक सेंटीमीटर आत, दर १५ सेंटीमीटरला एक भोक. त्यातून तांब्याची तार घालून पीळ द्यायचा. तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. पन्नास-पंचावन्न टाके होतात, आणि सपाट प्लायला डोळ्यांदेखत होडीचा आकार येतो. इथे थांबा. एका टोकाच्या कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरून दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे हवेत. मग पुढे एक आणि मागे एक सरळ काठी आडवी ठेवून मागून एका डोळ्याने पाहा. काठ्या समांतर दिसल्या नाहीत, तर होडीला पीळ बसलाय. आता तो खाली जुनी चादर घडी करून सरकवली की निघतो. सांधे जोडणारी राळ चढल्यावर कशानेही निघत नाही.

[दृश्य, अगदी जवळून: वाटीत राळ, त्यात पडणारा लाकडाचा भुस्सा.]

सांध्यात भरायची ती इपॉक्सी राळ, सगळी मिळून तीनेक किलो. राळ आणि तिला कडक करणारा हार्डनर यांचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. तेच पाळा, वजनकाट्यावर किंवा मापाने, जसं लिहिलंय तसं. 'लवकर वाळेल' म्हणून हार्डनर वाढवला, तर ती कायमची चिकट राहते. सांध्यासाठी तिच्यात सुताराकडचा बारीक भुस्सा मलमलच्या कपड्याने चाळून मिसळा, श्रीखंडाइतका घट्ट. चमचा उलटा केला तरी पडता कामा नये. आधी तारांच्या मधे मधे ठिपके द्या. ते कडक झाले की तारा काढा. एखादी अडकली, तर सोल्डरिंग आयर्न टेकवून गरम करा, सुटते. मग पूर्ण सांधा आइस्क्रीमच्या काडीने गोलसर भरा, त्यावर आतून-बाहेरून काचतंतूंच्या कापडाची तीन इंची पट्टी राळेत भिजवून बसवा. वीस मीटर पट्टी पुरते.

सोलापूरच्या उन्हात इथेच सर्वात जास्त माल वाया जातो. एप्रिल-मेमध्ये दुपारी वाटीभर राळ कालवली, तर ती स्वतःच्याच उष्णतेने तापते, धूर सोडते आणि वाटीतच दगड होते. एका वेळी १०० ग्रॅमच घ्या, उथळ ताटलीत पसरा, काम सकाळी उरका. पावसाळ्यात उलटी अडचण: दमट हवेत राळेवर मेणासारखा थर येतो. तो पाण्याने धुतला नाही, तर पुढचा हात धरत नाही. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने या कामाला सोन्यासारखे.

स्वस्त म्हणून पॉलिएस्टर राळ घेऊ नका, लाकडावर ती पापुद्र्यासारखी सुटते. शिवाय तिच्यात थर्माकोल विरघळतो, आणि थर्माकोल आपल्याला लागणार आहे. बसायच्या फळ्यांखाली तो घट्ट कोंबून बंद करायचा. एक लिटर थर्माकोल जवळपास एक किलो वजन पाण्यावर धरून ठेवतो. होडी भरली तरी बुडू नये, यासाठी असा १०० लिटर हवा.

काठाला सागवानी पट्टी आणि स्टेनलेसचे स्क्रू. प्रत्येक भोक, प्रत्येक कापलेली कड राळेने दोनदा माखा. प्लाय पाणी पितो तो कडेतून. वरून पांढरा रंग द्या. उघडी राळ उन्हात पिवळी पडून भुसभुशीत होते, आणि गडद रंगाखाली इतकी तापते की मऊ पडते.

[दृश्य: पहिल्यांदा पाण्यात. दोघं होडी उचलून आणतात.]

तयार होडीचं वजन तीस किलोच्या आसपास. दर सतरा किलोला ती साधारण एक सेंटीमीटर खाली जाते. दोन मोठी माणसं बसली की बारा सेंटीमीटर पाण्यात, पंचवीस वर. तिसऱ्याने काठावर थांबावं. वल्ही सात फुटांची, आणि वल्ही अडकवायचे आकडे बसायच्या फळीच्या मागच्या कडेपासून एक फूट मागे. मग पाठ सरळ ठेवून लांब ओढता येतं, आणि होडी सुळकन पुढे जाते. रोहित पक्ष्यांचा थवा उथळ पाण्यात उतरलेला असेल, तर लांबच वल्हं थांबवा. ते चरत चरत आपणच जवळ येतात.

पाण्याचं मात्र ऐका. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचं वारं उठतं. उजनीसारख्या लांबलचक पाण्यावर वाऱ्याला मैलोन्मैल मोकळी धाव मिळते, म्हणून लाटाही तितक्याच चढतात. अकराच्या आत परत या, लाइफ जॅकेट अंगात घाला, पश्चिमेला काळं दिसलं की जवळच्या काठाला लागा. धरणाचं पाणी ओसरताना बुंधे आणि जुन्या घरांच्या भिंती पाण्याखाली हातभरच राहतात. उपसा मोटारींच्या केबलांपासून दूर राहा. काठाला आलात की लगेच खाली उडी नको. काळ्या मातीचा गाळ गुडघाभर ओढतो, म्हणून होडीत एक फळी ठेवा, ती टाकून उतरा. जलाशय जलसंपदा विभागाचा आहे. होडी उतरवण्याआधी तिथल्या शाखा कार्यालयात विचारा, आणि कोळ्यांच्या जाळ्यांचे तरंगते डबे ओळखून त्यांना वळसा घाला.

घरी आणलं की होडी पालथी घालून चार विटांवर ठेवा, सावलीत, खालून वारं खेळेल अशी. मग ओल्या फडक्याने तळ पुसत सांध्यावरून बोट फिरवा. जिथे रंग फुगलेला लागेल, तिथे आजच खरवडा.

[दृश्य: पांढऱ्या तळावरून फिरणारं बोट. ते एका जागी थांबतं.]