सायबाची छत्री आणि फोर्डचा एफ

नमस्कार श्रोतेहो.

आज जुन्या सरकारी जीपबद्दल बोलायचंय. जीप कशी चालवावी किंवा केवढ्याला घ्यावी, ते नव्हे. तिच्यावर जे जे ठोकलेलं, लटकवलेलं, वेल्डिंग मारलेलं दिसतं, त्यातलं कारखान्यातून आलेलं कुठलं आणि नंतर आपल्या मेस्त्र्यांनी चढवलेलं कुठलं, तेवढंच.

विषय निघायला कारण झालंय. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला की पन्नास वर्षांपेक्षा जुनी खासगी गाडी मूळ रूपात असेल, तर तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात आणि ती दहा वर्षं चालते. रोज बाजारात न्यायला किंवा भाडं मारायला ही गाडी नाही, रॅलीला आणि प्रदर्शनाला न्यायची. तर तेव्हापासून, अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत ज्याच्या ज्याच्या माडाखाली जीप गंजत पडली होती, तो तो विचारायला लागला की मूळ रूप म्हणजे नेमकं काय हो?

आपल्याकडे सरकारी जीप म्हणून जे फिरलं, त्यात ढोबळमानाने दोन घराणी. पहिलं दुसऱ्या महायुद्धातलं. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच नकाशावरून सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. युद्ध संपल्यावर इथे उरलेल्या डिस्पोजलमध्ये, म्हणजे नको झालेला लष्करी माल म्हणून, विकल्या गेल्या. दुसरं घराणं महिंद्राचं. स्वातंत्र्यानंतर मुंबईत माझगावला विलीसच्या सुट्या भागांची जोडणी सुरू झाली, पुढे गाड्या इथेच घडू लागल्या. उंच बॉनेटची जी जीप आपण सगळ्यांनी पाहिलीय, ती यातली. ते बॉनेट दिसायला बरं म्हणून उंच केलेलं नाही. आधीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणारी इनटेकची झडप आणि धूर बाहेर सोडणारी झडप, खाली ब्लॉकमध्ये होते. नव्या इंजिनात इनटेकचा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट वर न्यावं लागलं. जबलपूरच्या लष्करी कारखान्यातली सहा सिलिंडरची जोंगा हे तिसरंच प्रकरण, ते आज नको.

ओळखायचं कसं? जीपच्या समोर उभे राहा आणि रेडिएटरपुढच्या पत्र्यातल्या उभ्या खाचा मोजा. हेडलाइट धरू नका, फक्त खाचा. नऊ आल्या तर जाळी युद्धातल्या जीपची. सात आल्या तर नंतरची. पुन्हा सांगतो, नऊ म्हणजे युद्धातली, सात म्हणजे नंतरची.

पण जाळी बदललेलीही असू शकते, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. ड्रायव्हरची सीट उचला. युद्धातल्या जीपमध्ये पेट्रोल भरायचं तोंड सीटखाली असतं, म्हणजे पंपावर गेलं की ड्रायव्हरने आधी उठायचं. नंतरच्या जीपांत ते बाहेर, बाजूच्या पत्र्यावर आलं. मग मागे जा. युद्धातल्या जीपला मागे उघडणारा फाळका नाही, सलग पत्रा आहे. त्याच्यावर उजवीकडे स्टेपनी आणि डावीकडे पेट्रोलच्या कॅनची जागा. स्टिअरिंग डावीकडे आहे म्हणून ‘अमेरिकन, अमेरिकन’ करत नाचू नका. महिंद्राच्या सुरुवातीच्या जीपासुद्धा डाव्या स्टिअरिंगच्याच होत्या.

आता लिहून घ्यायची गोष्ट. कुठल्याही पट्टीचा, आकड्याचा म्हणजे हुकाचा, ब्रॅकेटचा संशय आला तर तिच्याखाली कुठला रंग आहे ते बघा. कचेरीत गेल्यावर गाडीला कचेरीचा रंग लागला. ब्रॅकेट त्या रंगावर बसलेलं असेल तर ते कचेरीत आल्यानंतरचं. ब्रॅकेटखाली फक्त पहिला रंग असेल तर ते जुनं, बहुतेक कारखान्याचं. भोकंही बघा. कारखान्याचं भोक दाबयंत्राने पाडलेलं, गोल आणि साफ. आपल्या लोहाराने गॅसने पाडलेलं वेडंवाकडं, कडेला वितळलेल्या लोखंडाचे मणी. आणि हे सगळं बघून होईपर्यंत गाडीला पॉलिश पेपर लावायचा नाही. आमच्याकडे लोक आधी गाडी घासून चकचकीत करतात आणि मग विचारतात, ही खरी का हो?

याच्यावरून कुडाळकडची एक गोष्ट सांगतो.

माझ्या आतेभावाने अशीच एक जीप घेतली होती. मूळची एका सरकारी कचेरीची. कुठल्या, ते सोडा. निर्लेखन झालं, लिलाव झाला, एका ठेकेदाराने घेतली, त्याने वापरून वापरून काजूच्या बागेत उभी केली आणि तिथून हा घेऊन आला. पुढे जाडजूड पाइपचा गार्ड, त्याच्यावर हातभर रुंद पत्र्याची पाटी, ‘श्री देव रवळनाथ प्रसन्न’. त्या पाटीमागे जाळी आहे की भिंत, हे कुणालाच दिसत नव्हतं.

आत मात्र एक भारी वस्तू होती. डॅशबोर्डच्या कडेला, साहेब बसतो त्या बाजूला, लोखंडाचे दोन आकडे एकाखाली एक वेल्डिंग केलेले, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलेलं. भावाने बघितलं आणि जाहीर केलं, रायफल ठेवायची जागा! झालं. गाडीला गर्द हिरवा रंग दिला, बॉनेटवर पांढरा तारा काढला, मुंबईहून विलीसची अक्षरं आणून दोन्ही बाजूंना लावली. गणपतीला चाकरमानी आले की आरती झाल्याबरोबर सगळ्यांना अंगणात नेऊन हा बर्माच्या लढाईची गोष्ट सांगायचा. ती दर वर्षी थोडी लांबायची.

अशाच एका गणपतीत दर्शनाला एक काका आले. त्या कचेरीचे रिटायर झालेले ड्रायव्हर. वय ऐंशीच्या पुढचं, पण हातात काठी नाही. पाया पडले, मोदक घेतला, आणि बाहेर येऊन जीपभोवती फिरायला लागले. एक चक्कर मारून म्हणाले, “झिला, ही माझी गाडी.”

भावाला आनंद झाला. साक्षीदारच मिळाला की! हात धरून त्यांना आत बसवलं आणि ते आकडे दाखवले. “काकानु, ही बंदुकेची जागा ना?”

काकांनी त्याच्याकडे बघितलं. “खंयची बंदूक घेऊन बसलंस? सायबाची छत्री ठेवूची जागा ती!”

मग हकिगत बाहेर आली. साहेबांची छत्री लाकडी दांड्याची, लांबलचक. पावसात आंबोलीचा घाट उतरताना ती ओली छत्री घरंगळत आली ती थेट ब्रेकच्या पायट्याखाली. पाय दाबला तर ब्रेक लागेना. कशीबशी गिअरवर गाडी आवरली. “दुसऱ्या दिसा मियाच लोहाराकडसून करून घेतलंय,” काका म्हणाले. आणि ते रबर का? छत्रीचं कापड फाटू नये म्हणून.

अंगणात हशा पिकला. आत्या दारातूनच म्हणाली, “बरी तुझी मिलिटरी!” भाऊ हिरव्या रंगाहून हिरवा पडला.

इथे जाता जाता सांगतो, ती लांब दांड्याची छत्री हीच कोकणातली छत्री. तीन घड्यांची पर्समधली छत्री जूनच्या पहिल्या वाऱ्याला उलटी होते. ज्यांना पटत नाही त्यांनी पावसाळ्यात देवगडच्या किल्ल्यावर उभं राहून दाखवावं. असो.

नंतर खात्री म्हणून आम्ही त्या आकड्याच्या कडेला ब्लेडने जरा खरवडून बघितलं. वर भावाचा हिरवा. त्याच्याखाली कचेरीचा राखाडी, आणि आकडा बसलाय तो त्या राखाडीवर. राखाडीच्याही खाली मळकट शेवाळी रंग होता, पण त्या रंगाचा आणि आकड्याचा काही संबंध नव्हता. काका बरोबर होते. खरी गंमत म्हणजे, युद्धातल्या जीपला रायफलचा आकडा असायचा, पण तो समोरच्या काचेच्या चौकटीवर, खालच्या बाजूला आडवा. गुडघ्याशी उभा नव्हे.

पण काका काही उठेनात. म्हणाले, ती रवळनाथाची पाटी जरा काढा. पाटी काढली, गार्ड सोडवला, बॉनेट उघडलं. काकांनी हेडलाइटच्या मागे हात घातला आणि विचारलं, “ह्याका काय केलंस?” तिथे एक विंग नट होता, बोटांनी फिरवायचा, पंखांचा. भावाने त्याच्यावरून रंगाचे थर चढवले होते. वर म्हणतो कसा, “लाइट ढिला वाटतो म्हणून वेल्डिंग मारून पक्का करणार होतो.” काकांनी रॉकेल मागितलं. नट भिजवला, पक्कडीने हळू हलवला. नट सुटला, आणि काकांनी अख्खा हेडलाइट उचलून मागे उलटा केला. उजेड रस्त्यावर पडायचा तो सरळ इंजिनावर!

रात्री घाटात डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डबीत, पाणी गेलं की टॉर्च कोण धरणार? साहेब थोडाच धरणार! काका हा दिवा उलटा करायचे आणि त्याच्या उजेडात कॅप पुसून घ्यायचे. श्रोतेहो, ही फिरकी कारखान्याची. युद्धातल्या जीपचीच. आणि पाटी निघाल्यामुळे खाचाही दिसल्या. मोजल्या, तर नऊ!

म्हणजे भावाचा पुरावा खोटा, पण गाडी खरी. ज्याच्यावर तो गोष्टी सांगत होता ती छत्रीची खुंटी, आणि ज्याला वेल्डिंग मारणार होता तो खरा दागिना. भावाची छाती परत फुगली. म्हणाला, “बघा, विलीस! मी सांगत नव्हतो?”

मी गोणपाट अंथरून खाली शिरलो. विलीस की फोर्ड हे नऊ खाचांवरून कळत नाही, कारण ती जाळी दोघांच्याही गाड्यांना आहे. ते कळतं रेडिएटरखाली चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीच्या, दोन दांड्यांना जोडणाऱ्या आडव्या तुकड्यावरून. विलीसचा तो तुकडा गोल नळीचा. फोर्डचा पालथ्या पन्हळीसारखा, तळाशी उघडा. मी हात लावला. पन्हळ! मग बोल्ट बघितले. ठेकेदाराच्या माणसांनी दर पावसाळ्याआधी खालून जुनं काळं ऑइल फासलेलं, त्याची बोटभर खरड जमलेली. खाऱ्या हवेत पत्रा वाचला तो त्या खरडीमुळेच. ती पुसली, आणि बोल्टच्या डोक्यावर नखाएवढं इंग्रजी ‘एफ’ अक्षर दिसलं. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. फोर्डने स्वतःच्या भागांवर हा एफ ठोकलाय. बोल्ट कुणी बदललेही असतील, म्हणून एकट्या एफवर विसंबू नये, पण पन्हळ आणि एफ दोन्ही मिळाल्यावर वाद संपतो.

विलीसची अक्षरं त्याच संध्याकाळी उतरली. काका जाताना त्याला म्हणाले, “फोर्ड तर फोर्ड, पण ऑइल वेळेर बदल.”

वेळ थोडा उरलाय, म्हणून भरभर. आकडा काढायचा का, असं भावाने विचारलं होतं. माझं मत, काढू नये. नियमाला अडचण आहे ती चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत केलेल्या फेरफारांची. छत्रीच्या खुंटीने चासी बदलत नाही. पण पेट्रोल परवडत नाही म्हणून ज्यांनी ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलंय, त्यांनी मूळ रूपाचा आग्रह सोडावा. पुढे पांढऱ्याशुभ्र एलईडीची पट्टी लावणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. रात्री महामार्गावर समोरून ती आली की मला फक्त शिव्या सुचतात, आणि त्या रेडिओवर चालत नाहीत.

लिलावातली किंवा लिलावातून फिरत आलेली जीप घेणार असाल, तर चासीवरचा नंबर स्वतः वाचा. फोर्डचा नंबर डाव्या दांड्याच्या वरच्या अंगाला थेट लोखंडात ठोकलेला असतो. विलीसचा पुढच्या बंपरमागे डाव्या दांड्याच्या आतल्या बाजूला, रिबिट मारलेल्या छोट्या पट्टीवर, आणि आपल्या हवेत ती पट्टी बरेचदा गळून गेलेली असते. रॉकेल आणि पितळी ब्रश वापरा, ग्राइंडर नको, ग्राइंडरने नंबरच जाईल. तो नंबर आरसी बुकाशी जुळला, तरच पैसे मोजा. नमस्कार.