कुस्को : दोन दिवस, दमानं

(दृश्य : विमानाच्या खिडकीतून बर्फाची शिखरं. मग खोलगट दरीत पसरलेलं लाल कौलांचं शहर.)

पेरूच्या राजधानीहून, लिमाहून, विमान सुटतं तेव्हा खाली पॅसिफिक महासागर दिसतो. सव्वा तासानं उतरतो तेव्हा आपण समुद्रसपाटीपासून साधारण ३,४०० मीटरवर असतो. एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी हे शहर त्याहून थोडं वरच राहील. एवढ्या उंचीवर इथं शाळा भरतात, मंडई उघडते, पोरं चढाच्या गल्लीत फुटबॉल खेळतात. धाप फक्त आपल्याला लागते.

हे कुस्को. पेरूच्या अँडीज पर्वतातलं शहर, आणि एके काळी इंका साम्राज्याची राजधानी.

इथं उतरणारे बहुतेक पाहुणे माचू पिक्चूच्या, इंकांच्या डोंगरातल्या जुन्या नगरीच्या, वाटेवर असतात. कुस्को त्यांच्यासाठी मुक्कामाचं ठिकाण, बॅग टाकायची जागा. तुमच्या हातात शनिवार-रविवार एवढेच दिवस असतील, तर माझा सल्ला सरळ आहे. या खेपेला माचू पिक्चू सोडून द्या. तिथं जायचं म्हणजे आधी दरीत उतरायचं, मग आगगाडी, मग घाटाची बस, आणि आत शिरायची वेळ तिकिटावर ठरलेली. पहाटे निघालेला माणूस रात्री परततो. दोनातला एक दिवस असा धावपळीत गेला, की उरलेला थकव्यात जातो. आणि कुस्को राहूनच जातं. ज्या शहरातून सगळं साम्राज्य चाललं, ते शहर असं घाईघाईत ओलांडावं, हे मला मनापासून पटत नाही.

(दृश्य : हॉटेलचं लाकडी दार. कपात तरंगणारी हिरवी पानं.)

शनिवारी सकाळच्या विमानानं या आणि खोलीवर जाऊन आडवे व्हा. पहिल्या दिवसाचं पहिलं काम हेच.

इथं हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. डोकं जड होतं, मळमळतं, रात्री झोप मोडते. इथले लोक याला ‘सोरोचे’ म्हणतात. रोज व्यायाम करणाऱ्यालाही ते गाठतं, त्यामुळे आपल्या तब्येतीचा भरवसा इथं धरू नये. भरपूर पाणी प्या, जेवण हलकं घ्या, पहिल्या दिवशी दारू नको. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोला. बसल्या जागी दम लागत असेल, खोकला थांबत नसेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. लगेच दवाखाना गाठा. अशा वेळी उंचीवरून खाली उतरावं लागतं.

हॉटेलात शिरताच हातात येतो तो ‘माते दे कोका’. कोकाची वाळलेली पानं गरम पाण्यात टाकून केलेला काढा. चव थोडी गवती, थोडी तुरट. अँडीजमधली माणसं ही पानं हजारो वर्षं चघळत आली आहेत, आणि पेरूत त्यावर बंदी नाही. पण एक लक्षात ठेवा. कौतुकानं पुडी बांधून घरी आणायची नाही. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात येतं. कोका नको असेल तर ‘मुन्या’ मागा. डोंगरातली पुदिन्यासारखी वनस्पती आहे, पोटाला बरी वाटते.

(दृश्य : दुपार. सान पेद्रो मंडईचं छप्पर. बटाट्यांचे ढीग.)

दुपारी थोडं बरं वाटलं, की सान पेद्रो मंडईत चला. शहराच्या मध्यापासून चालत दहा मिनिटं. आपण पंधरा घेऊ.

मराठी माणसानं या मंडईत जरा थांबून बघावं. पुढ्यात बटाटे आहेत. जांभळे, पिवळे, काळपट, वेडेवाकडे, बोटभर लांब. बटाटा याच डोंगरांत माणसाळला. शेजारी शेंगदाणे, तेही दक्षिण अमेरिकेतले. रताळी. मिरच्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा. आणि एका पोत्यात बारीक, फिकट दाणे, ज्यांना इथं ‘किविचा’ म्हणतात. हातात घेऊन बघा. आपला राजगिरा! एकादशीला आपण जे ताट वाढतो, त्यातली खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, यांतलं मूळचं धान्य नि कंद अमेरिका खंडांतून आलेले. बहुधा पोर्तुगीज जहाजांनी समुद्र ओलांडून जे आणलं, ते आपण थेट देवघरापर्यंत नेलं. पुण्या-मुंबईहून निम्मी पृथ्वी ओलांडून आल्यावर समोर आपल्या उपवासाचं सामान मांडलेलं दिसतं, तेव्हा काय वाटतं ते सांगता येत नाही.

आणखी एक वस्तू बघायची. पांढरे किंवा काळसर, हलके, दगडासारखे खडे. हा ‘चुन्यो’, वाळवलेला बटाटा. जून-जुलैच्या कडाक्याच्या रात्री बटाटे उघड्यावर पसरतात. ते गोठतात. दिवसा ऊन लागून मऊ पडले, की पायांनी तुडवून पाणी काढतात. पुन्हा रात्र, पुन्हा ऊन. असा तयार झालेला चुन्यो वर्षानुवर्षं टिकतो. इंकांची कोठारं यानं भरलेली असत. आपल्या गच्चीवरच्या वाळवणाचा हा दूरचा भाऊबंद, फक्त उन्हाच्या जोडीला इथं थंडी राबते.

मंडईतून निघण्याआधी फळांच्या रसाच्या गाळ्यावर बसा. बाई पेला भरून देतात. तो संपत आला, की मिक्सरच्या भांड्यात उरलेला रस पुन्हा ओततात. याला ‘यापा’ म्हणतात, मूळ केचुआ या इंकांच्या भाषेतला शब्द. भाजीवाल्या मावशी मेथीच्या जुडीवर चार काड्या कोथिंबीर टाकतात ना, तसंच. केचुआत आभार मानायचे तर म्हणा, ‘सुल्पायकी’. समोरचा चेहरा खुलतो.

शाकाहारी मंडळींसाठी : नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. कोंबडीला पुष्कळ लोक मांसात धरत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन पोयो’, असं दोन्ही सांगा. किनुआचं सूप शाकाहारी दिसलं, तरी ते मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. ते विचारून घ्या. मोठ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीजचा तुकडा मात्र निर्धास्त खा. इथल्या मक्याचा दाणा बोटाच्या पेराएवढा असतो.

(दृश्य : तिरपं ऊन. काळसर दगडी भिंत, त्यावर चर्चचा मनोरा.)

संध्याकाळी उतारानं कोरिकांचाकडे.

हे सूर्याचं मंदिर होतं. याच्या भिंतींना सोन्याचे पत्रे मढवलेले होते. १५३२ मध्ये स्पॅनिश लोकांनी इंका सम्राट आतावाल्पा याला काहामार्का इथं पकडलं. सुटकेसाठी त्यानं खोलीभर सोनं देऊ केलं. त्या खंडणीसाठी इथले पत्रे उचकटून काढले गेले. खंडणी पोचली, आणि तरीही १५३३ मध्ये सम्राटाला मारलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात या स्पॅनिश फौजेचा म्होरक्या फ्रान्सिस्को पिसारो कुस्कोत शिरला. पुढे मंदिराच्या जोत्यावर सांतो दोमिंगोचा मठ उभा राहिला.

आता इथल्या भूकंपांची गोष्ट. १६५० मध्ये कुस्को हादरलं. मग २१ मे १९५० रोजी पुन्हा. मठाचा बराच भाग कोसळला, आणि गिलाव्याआड दडलेले इंकांचे गाभारे उघडे पडले. ते उभे होते. बाहेरची गोलाई घेतलेली भिंतसुद्धा जागची हलली नव्हती.

असं का झालं, ते जवळ जाऊन बघू. (दृश्य : कॅमेरा भिंतीच्या सांध्यावर.) दोन दगडांच्या मध्ये चुना नाही, माती नाही. आपल्याकडची हेमाडपंती देवळं बघितलेल्यांना ही सुकी बांधणी नवी वाटणार नाही. भिंत तळाशी रुंद आहे आणि वर जाताना आत कलते. दारं, कोनाडेही तसेच, खाली रुंद, वर अरुंद. जमीन हलली की दगड किंचित हलतात नि पुन्हा बसतात. चुन्यात घट्ट बांधलेल्या भिंतीला ही मुभा नसते, ती तडकते.

दगडाच्या अंगावर बारीक खळगे दिसतील. इंकांकडे लोखंड नव्हतं. कठीण गोट्यांनी ठोकून ठोकून हे दगड घडवले. मधल्या भागात खळगे मोठे आहेत, कडेकडे जाताना बारीक होत जातात. घडवणाऱ्यानं तिथं लहान गोटा हातात घेतला, टोला हलका केला. पाचशे वर्षांनंतरही त्याच्या हाताचा अंदाज दगडावर दिसतो. मी तरी इथून लवकर हलू शकत नाही.

(दृश्य : रात्र. प्लासा दे आर्मास, डोंगरावर दिव्यांची रांग.)

रात्री मुख्य चौकात बाकावर बसून राहा. या चौकातून साम्राज्याच्या चारी प्रांतांकडे रस्ते निघत. साम्राज्याचं नावच तावांतिनसुयु, चार भाग एकत्र असलेलं. त्या रस्त्यांचं जाळं सहा देशांत पसरलेलं आहे, आणि २०१४ पासून ते जागतिक वारसा आहे. कुस्को शहर त्याआधीच, १९८३ मध्ये, त्या यादीत गेलं. स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठलेल्या दुसऱ्या तुपाक आमारूला आणि त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास हिला १७८१ मध्ये याच चौकात ठार मारलं. दिव्यांच्या उजेडात हा चौक फार सुंदर दिसतो. त्या दोघांची आठवण ठेवून तो बघावा.

(दृश्य : रविवार सकाळ. टॅक्सी वळणं घेत वर चढते.)

रविवारचा बेत असा. टॅक्सीनं वर जायचं, पायांनी खाली यायचं.

शहरापासून आठेक किलोमीटरवर तांबोमाचाय आहे. दगडी पाटांतून बारमाही झरा वाहतो. तिथून उतरत पुका पुकारा, मग केन्को, जिथं एक अख्खा खडक कोरून त्यात पायऱ्या आणि नागमोडी पन्हळ काढली आहे, आणि शेवटी साक्सायवामान. चढ टॅक्सीनं खाल्ला, उतार आपला.

या चारही ठिकाणांना ‘बोलेतो तुरिस्तिको’ हे एकत्रित तिकीट लागतं. पूर्ण तिकीट दहा दिवस चालतं, त्यात दरीतली ठिकाणंही येतात. आपल्याला फक्त या चार जागांचं छोटं तिकीट पुरे, पण ते एकाच दिवसाचं असतं, म्हणून रविवारीच काढा. एक घोळ इथं हमखास होतो. या तिकिटात ‘कोरिकांचा’ नावाचं एक संग्रहालय आहे, पण आपण काल बघितलेल्या मंदिर-मठाचं तिकीट वेगळं. मुख्य चौकातल्या कॅथेड्रलचंही वेगळं.

साक्सायवामानला वेळ राखून ठेवा. नागमोडी तटाच्या तीन ओळी, एकावर एक. त्यातल्या सर्वांत मोठ्या दगडाचं वजन शंभर टनांहून अधिक असावं, असा अंदाज आहे. १५३६ मध्ये मांको इंका या राजानं स्पॅनिशांच्या ताब्यातल्या कुस्कोला वेढा घातला, तेव्हा खरी झुंज इथं झाली. पिसारोचा भाऊ हुआन इथंच पडला. मेलेल्यांवर कोंडोर गिधाडं उतरली, आणि पुढं शहराच्या राजचिन्हात ती कायमची बसली. नंतर या तटाचे उचलता येतील तेवढे दगड खाली नेऊन त्यांतून शहरातल्या इमारती बांधल्या, कॅथेड्रलसुद्धा. आज उरलेत ते कुणाला हलवता न आलेले.

दरवर्षी २४ जूनला इथं इंती रायमी, सूर्याचा उत्सव होतो. स्पॅनिश अमलात बंद पडलेला हा सोहळा १९४४ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्या आठवड्यात यायचं तर खोली कित्येक महिने आधी धरा. एरवी मे ते सप्टेंबर आभाळ कोरडं असतं. दुपारी उन्हात अंगरखा पुरतो, रात्री पारा शून्याला टेकतो. स्वेटर, कानटोपी आणि उन्हाचं मलम, तिन्ही हवं.

(दृश्य : सान ब्लासची पायऱ्यांची गल्ली. निळी दारं.)

दुपारनंतर सान ब्लास. कारागिरांची वस्ती, उभ्या गल्ल्या. तिथून खाली येताना हातुन रुमियोक गल्लीत बारा कोनांचा दगड लागतो. हिरवट, भिंतीत मधोमध, बारा कोनांत बारा शेजारी बसवलेले. २०२५ च्या फेब्रुवारीत एका माणसानं रात्री हातोडीनं त्याचे टवके उडवले. जखमा दिसतात. दगडाला हात लावू नका, फोटोसाठी भिंतीला टेकूही नका.

(दृश्य : सोमवारी पहाट. टॅक्सीच्या काचेवर दव.)

सोमवारी विमानतळाकडे जाताना टॅक्सी आवेनिदा एल सोल या रस्त्यानं उतरते. या रस्त्याखालून झाकलेली नदी वाहते. बसताना डावीकडची खिडकी धरा. थोड्याच वेळात हिरवळीच्या वर ती काळसर, गोलाई घेतलेली भिंत येईल. वर मठाच्या कमानी, खाली सूर्यमंदिराचे दगड. ड्रायव्हरदादांना क्षणभर गाडी हळू करायला सांगा.