कुलपाची किल्ली

[दृश्य : जयगडहून निघालेली फेरीबोट. पावसाळ्याचे शेवटचे दिवस.]

फेरीबोट तवसाळच्या धक्क्याला लागते आणि रस्ता चढणीला लागतो. वर एका वाडीत दोन घरं शेजारी शेजारी आहेत, दोन्ही चिऱ्यांची. एकाच्या पडवीत माणसं, अंगणात गाडी. दुसऱ्याच्या दाराला कुलूप, आणि कुलपाला गंज चढू नये म्हणून त्यावर बांधलेली दुधाची रिकामी पिशवी.

पहिल्या घरातले काका सत्तावीस वर्षं कुवेतला होते. एसी दुरुस्तीचं काम. एवढ्या वर्षांत नागरिकत्व सोडाच, कायम राहण्याचा कागदही मिळाला नाही. तिथे नोकरी आहे तोवर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि इकामा आहे तोवर मुक्काम. पगारावर आयकर नाही, हे खरं. पण परदेशी माणसाला पेन्शनही नाही. निघताना नोकरीच्या वर्षांवर मोजून एकरकमी पैसे मिळतात.

"स्लॅब आणि धाकटीचं लग्न," काका हसतात, "झाले खलास."

कुटुंब न्यायला पगाराची अट होती, त्यात काका बसले नाहीत. दोन वर्षांनी एकदा दोन महिने सुट्टी. म्हणजे सत्तावीस वर्षांतली सव्वादोन वर्षं ते या घरात राहिले. "हिशेब पोरांनी काढला," काकी म्हणतात, "मी नाय काढला."

[दृश्य : कुलूपबंद घर. ओटीवर उलटी ठेवलेली खुर्ची.]

या घरातला मुलगा चिपळूणला शिकला, मग पुणं, मग टोरंटो. कॅनडाची तऱ्हा वेगळी. पाच वर्षांत १०९५ दिवस तिथे राहिला, परीक्षा दिली, शपथ घेतली, नागरिक झाला. आता नोकरी गेली तरी कुणी विमानात बसवणार नाही. पोरांची सरकारी शाळा फुकट, डॉक्टरकडे गेलं तर बिल सरकार भरतं. काकांना यातलं काहीच मिळालं नव्हतं.

पण ज्या दिवशी शपथ घेतली, त्याच दिवशी इथलं नागरिकत्व गेलं. आपल्या १९५५ च्या कायद्यात दोन्हीकडचं नागरिक राहता येत नाही. उरतं ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. त्यावर जन्मभर ये-जा करता येते. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. त्यात कोकणातला सातबारा! चुलत्यांची, आत्यांची, कधीच वारलेल्यांची नावं. एका सहीसाठी टोरंटोहून यायचं, नाहीतर कुलमुखत्यारपत्र करायचं. आंब्याची कलमं सध्या कराराने दिली आहेत. आई दोन हिवाळे तिकडे काढून आली आणि आता लेकीकडे चिपळूणला असते. "खिडकीतून बघायचं तरी काय?" एवढंच बोलली.

आपल्याकडे आखातात गेलेल्याला कमी लेखतात आणि कॅनडावाल्याचा सत्कार करतात. मला ते पटत नाही. कुवेतने काकांना कधी आपलं म्हटलं नाही, म्हणून काका सगळी वर्षं इथलंच घर बांधत राहिले. कॅनडाने मुलाला आपलं म्हटलं, आणि इथल्या दाराला कुलूप लागलं. यातलं काय बरं, हे पडवीत बसून ठरत नाही.

आणि नागरिकत्व मिळालं म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. याच किनाऱ्यावरून, अलिबागच्या बाजूने, बेने इस्रायली, म्हणजे इथले मराठी बोलणारे यहुदी, इस्रायलला गेले. १९५० च्या कायद्याने त्यांना तिथे येऊन राहण्याचा हक्क मिळाला आणि १९५२ च्या कायद्याने नागरिकत्वही. तरी लग्नाची वेळ आली की तिथले धर्मगुरू यांच्या यहुदीपणावर शंका घेत. आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तिथल्या संसदेने हे सगळ्या बाबतीत बरोबरीचे असं जाहीर केलं. याच लोकांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

[दृश्य : काका कुलूप उघडतात.]

बंद घराची किल्ली काकांकडेच असते. गणपतीआधी ते घर उघडतात, कौलं बघतात, वाळवी बघतात. मग व्हिडिओ कॉल लावतात. इथे सकाळचे दहा, तिथे रात्रीचे साडेबारा.

"माजघरात थोडी गळती आहे," काका फोन वर धरून दाखवतात. "आणि विजेचा मीटर चालू ठेवायचा की बंद करायला सांगू? फुकटचं बिल येतं."

पलीकडून बराच वेळ आवाज येत नाही.

"रेंज गेली वाटतं," म्हणत काका फोन घेऊन अंगणात येतात.