एका वेळी एकच धावपट्टी

(दृश्य : उतरणाऱ्या विमानाची खिडकी)

घाटकोपर मागे पडलं की जमीन झपाट्याने जवळ येते. कुर्ल्याची छपरं, जरीमरीच्या दाटीवाटीतल्या गच्च्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, दोरीवरचे कपडे. मग एक भिंत. भिंतीपलीकडे लगेच डांबर सुरू होतं. चाकं टेकतात आणि धूर उडतो. हा धूर लक्षात ठेवा, त्याच्याबद्दल बरंच बोलायचं आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरून वर्षाला 5 कोटींहून जास्त प्रवासी ये-जा करतात. 2018 च्या डिसेंबरात एकाच दिवसात इथे 1,000 हून जास्त विमानं चढली-उतरली. एवढ्या वर्दळीच्या विमानतळाला समांतर धावपट्ट्या लागतात, म्हणजे एकीवर विमान उतरत असताना शेजारचीवरून दुसरं सुटू शकतं. मुंबईतही धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदून जातात. नकाशावर सरळ फुली दिसते. त्यामुळे एका वेळी एकच चालते.

मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम, सुमारे साडेतीन किलोमीटरची. दुसरी वायव्येकडून आग्नेयेला जाणारी, तीन किलोमीटरला थोडी कमी आणि आग्नेयेकडे ट्रॉम्बेची टेकडी असलेली. म्हणून वर्षातला बहुतेक भार पहिलीवरच.

(दृश्य : जुहूचं जुनं छायाचित्र)

मुंबईची नागरी विमानवाहतूक सुरू झाली ती जुहूला, 1928 मध्ये. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून इथेच उतरले. समुद्रालगतची सपाट जमीन, पण जून लागला की सगळा चिखल. पावसाळ्यात टाटांची टपालसेवा पुण्याला मुक्काम हलवायची. मुंबईच्या पावसाशी विमानांचं भांडण तेव्हापासूनचं आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने सांताक्रूझला, म्हणजे आजच्या विमानतळाच्या जागी, मोठा तळ उभारला. अशा तळांवर, वारा जिकडून येईल त्याला तोंड देऊन उतरता यावं म्हणून, धावपट्ट्या वेगवेगळ्या दिशांना आखत. स्वातंत्र्यानंतर प्रवासी विमानं जुहूहून इथे आली. 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलाबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. जुहू आणि सांताक्रूझ एकमेकांच्या इतके जवळ, की वरून पाहणाऱ्याची फसगत व्हायची. 1953 मध्ये एक कॉमेट जेट आणि 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-8, दोन्ही सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरली.

(दृश्य : टर्मिनल 2, छत आणि खांब)

सांताक्रूझची टर्मिनल इमारत 1958 ची. याच विमानतळाची, सहारच्या बाजूची आंतरराष्ट्रीय टर्मिनल 1980 च्या दशकाच्या सुरुवातीची. आणि 2014 मध्ये उघडलेली ही टर्मिनल 2 : मोराच्या पिसाऱ्यावरून सुचलेले पांढरे खांब, आणि देशभरातून आणलेल्या हजारो कलावस्तूंची लांबच लांब भिंत. प्रवासी इथे मान वर करून थांबतात, फोटो काढतात. थांबावं असंच आहे ते. पण इमारती वाढत गेल्या तरी बाहेरची फुली तीच राहिली. चहूबाजूंनी शहर भिंतीला येऊन भिडलं होतं. आडवं वाढायला जागाच नव्हती.

(दृश्य : नियंत्रण मनोरा, खालून वर)

84 मीटर उंचीच्या या मनोऱ्यातून ही तारेवरची कसरत चालते. गर्दीच्या वेळी तासाला 40 हून जास्त विमानं. एक उतरलं की ते वळून बाहेर पडेपर्यंत दुसरं तोंडाशी उभं, तिसरं घाटकोपरवर. या साखळीतच धावपट्टी तपासणारी पिवळी जीप घुसवायची असते. टॉवरने हो म्हटलं की जीप सुसाट आत जाते. डांबरावर एखादा स्क्रू, टायरचा तुकडा, मेलेला पक्षी काही आहे का ते पाहायचं, उचलायचं आणि बाहेर. ‘रनवे व्हेकेटेड’, म्हणजे धावपट्टी रिकामी, असं ऐकू आलं की पुढच्या विमानाला वाट मोकळी. जीपमधला माणूस दिवसभर हेच करतो, आणि नजर एकदाही ढिली पडून चालत नाही.

(दृश्य : चाकं टेकण्याचा क्षण, संथ गतीत)

आता तो धूर. हवेत असताना चाकं फिरत नसतात. टेकताना विमानाचा वेग ताशी 250 किलोमीटरच्या आसपास असतो. थांबलेल्या चाकाला डोळ्याचं पातं लवायच्या आत तो वेग गाठायचा असतो, म्हणून रबर घासतं, तापतं, वितळतं. थोडं धूर होऊन जातं, बाकीचं डांबराला चिकटून राहतं. दिवसाला शेकडो विमानं, बहुतेक एकाच पट्ट्यात टेकणारी. डांबराचा खडबडीतपणा बुजतो, पांढऱ्या खुणा काळ्या पडतात. कोरड्यात हे चालून जातं. पावसात त्या काळ्या थरावर पाणी साचलं, की ब्रेक धरत नाहीत.

म्हणून मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, एक दिवस दोन्ही धावपट्ट्या सहा तास बंद ठेवतात. साधारण सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच.

(दृश्य : रिकामी धावपट्टी, भर उन्हात माणसं आणि यंत्रं)

सहा तासांत काय काय होतं ते पाहा. जोरदार दाबाच्या पाण्याने रबराचा थर खरवडून काढतात, मागून येणारी गाडी तो काळा गाळ ओढून घेते. पृष्ठभागाची झीज तपासतात. खुणा पुन्हा रंगवतात. हा तंत्रज्ञ गुडघे टेकून बसला आहे तो दिव्यासाठी : डांबरात बसवलेला, वरून विमानाचं चाक गेलं तरी न फुटणारा दिवा. स्क्रू सोडवायचे, काच पुसायची, आत पाणी शिरलंय का बघायचं, लागलं तर अख्खा दिवा बदलायचा. असे किती तरी दिवे, आणि मेमधलं तापलेलं डांबर. कडेचं गवत कापणारी, नाले उपसणारी माणसं वेगळीच.

हे काम कुठल्याही प्रवाशाला दिसत नाही. त्यासाठीच हा कॅमेरा इथे आणला.

पावसाचा मार किती बसतो, हे 2019 मध्ये दिसलं. 1 जुलैच्या रात्री, धो धो पावसात, जयपूरहून आलेलं विमान मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे चिखलात गेलं. ते बाहेर काढेपर्यंत 5 जुलै उजाडला आणि तोवर सगळा विमानतळ दुसऱ्या, आखूड धावपट्टीवर चालला. आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा विमानतळच बंद पडला. मिठी नदी विमानतळाच्या धावपट्टीखालूनच जाते. या विमानतळासाठी भोवतालच्या गावांच्या जमिनी गेल्या आणि भिंतीबाहेरच्या वस्त्यांचं पुनर्वसन अजून रखडलेलं आहे.

8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथे आखल्या आहेत त्या दोन समांतर धावपट्ट्या. इथली फुली मात्र तशीच राहणार, तेव्हा इथलं काम संपत नाही. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या सुमाराला पुन्हा सहा तास. त्या दिवसाची तारीख विमान कंपन्यांना सहा-सहा महिने आधी कळवलेली असते.