बारदान वजा करून डोळा

श्रोतेहो, नमस्कार.

घरातल्या कुणाची तरी चष्म्याची चिठ्ठी डोळ्यांपुढे आणा. तिच्यावर प्रत्येक डोळ्यासाठी तीन रकाने असतात. पहिल्यात गोल नंबर, मधल्यात सिलिंडर, आणि तिसऱ्यात अक्ष, म्हणजे तो सिलिंडर किती अंशांवर बसवायचा ते. मला आज त्या मधल्या रकान्याविषयी बोलायचं आहे. मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयांमध्ये नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केली, त्यात सर्वांत जास्त गैरसमज मी या मधल्या रकान्याबद्दल ऐकले.

सिलिंडर कशामुळे लागतो? स्वयंपाकघरातली पळी घ्या. तिचा तळ कुठूनही बघा, सारखाच गोल. आता चमचा घ्या. तो लांबीत कमी वाकलेला, रुंदीत जास्त वाकलेला. डोळ्याच्या पुढची काच, म्हणजे पारपटल, पळीसारखं असेल तर उजेड एका ठिकाणी जुळतो. चमच्यासारखं असेल तर उभ्या रेघा एकीकडे आणि आडव्या रेघा दुसरीकडे जुळतात, आणि अक्षराला सावली येते. शास्त्रात याला ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात.

पण हा चमचा फक्त पुढच्या काचेत असतो असं सर्रास समजलं जातं, आणि माझा सगळा रोख त्या समजावर आहे. पारपटलाला मागची बाजू आहे. त्याच्या मागे नेत्रभिंग आहे, त्याला पुढची बाजू आहे आणि मागची बाजू आहे. एकूण चार बाजू. एक बाहेरची, तीन आतल्या. पुन्हा सांगतो, एक बाहेरची आणि तीन आतल्या. चिठ्ठीवर जो आकडा येतो तो या चौघींचा मिळून असतो.

हे मला पुस्तकानं शिकवलं होतंच. पण मनात बसवलं ते मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका मापाड्यानं.

साताठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा परभणी जिल्ह्यात होतो. सोयाबीनची आवक जोरात होती. सकाळी ओपीडी उघडायच्या आधीच एक गृहस्थ बाकावर बसलेले दिसले. साठीला दोनेक वर्षं कमी असतील. मळकं धोतर, खांद्यावर उपरणं, आणि हातात कॅरीबॅग. कॅरीबॅगमध्ये सगळे कागद नीट घडी करून: शिबिराचं कार्ड, ऑपरेशनच्या आधीच्या मोजमापांचा कागद, आणि चार वर्षांपूर्वीची चष्म्याची चिठ्ठी. तिचा कोपरा उंदरानं खाल्लेला, पण आकडे शाबूत. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते.

"साहेब," ते म्हणाले, "काट्यावर सहा असला की मला आठ दिसतो."

इलेक्ट्रॉनिक काट्यावरचे ते तांबडे आकडे आपण सगळ्यांनी पाहिलेत. सहाला एक रेघ जास्त दिसली की आठ झालाच. मापाड्याच्या कामात ही दोन किलोंची चूक, आणि ती कुणाच्या तरी पदरात पडणार. एक गोष्ट इथंच बोलून घेतो. काट्याचा आकडा शेतकऱ्याकडे तोंड करून असायला हवा, आणि शेतकऱ्यानंही माप होईपर्यंत काट्याजवळून हलू नये. विषय डोळ्याचा आहे, पण मोंढ्याचं नाव निघालं की मला हे बोलल्याशिवाय राहवत नाही.

तर मामांना कुणीतरी सांगितलं होतं की, तुमचं ऑपरेशन बिघडलं, भिंग वाकडं बसलं. कारण काय, तर चार वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर सिलिंडरचा रकाना कोरा होता आणि आता सिलिंडर निघाला होता. ते ऐकून मामांनी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन रद्द केलं होतं. त्या डोळ्यातही मोतीबिंदू धरायला लागलेला.

मी टॉर्च मारला. नवं भिंग मधोमध, सरळ बसलेलं; उजेड पडताच लखकन चमकलं. मग रेटिनोस्कोप घेतला. डोळ्यात उजेडाची एक पट्टी सोडायची, हलवायची आणि आतून परत येणारी झाक कशी हलते ते बघायचं, असं ते हातातलं साधन. सिलिंडर निघाला १.०० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात), आडव्या अक्षावर. आता तो आला कुठून?

मामांना केरॅटोमीटरसमोर, म्हणजे पुढच्या काचेची वक्रता मोजणाऱ्या यंत्रासमोर, बसवलं. हनुवटी टेकवा, कपाळ लावा, हलू नका. नळीतून बघितलं की रुग्णाच्या डोळ्यावर उजेडाची गोल कडी उमटलेली दिसते, एकाऐवजी तीन. त्यांच्या बाजूला बारीक अधिकची आणि वजाची चिन्हं. एक चकती फिरवून अधिकवर अधिक बसवायचं, दुसरी फिरवून वजावर वजा. आडवी वक्रता आली ४३.२५, उभी ४४.५०. फरक १.२५. म्हणजे पुढची काच सव्वा नंबरानं चमच्यासारखी.

कॅरीबॅगमधला मोजमापांचा कागद काढला. ऑपरेशनच्या आधीही तेच आकडे: ४३.२५ आणि ४४.५०. ऑपरेशननं पुढच्या काचेला धक्काही लागलेला नव्हता. चमचा आधीपासून होता. मग चार वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर रकाना कोरा कसा?

तेव्हा मी डावा डोळा तपासला, ज्याला अजून कुणी हात लावलेला नव्हता. पुढची काच ४३.०० आणि ४४.२५, म्हणजे इथंही सव्वाचा फरक. रेटिनोस्कोपनं अख्ख्या डोळ्याचा सिलिंडर बघितला, तर शून्य. दोनदा बघितलं, शून्य. पुढची काच सव्वा एका बाजूला ओढत होती आणि आतल्या तीन बाजू मिळून सव्वा उलट बाजूला ओढत होत्या. उजव्या डोळ्यातही तसंच चाललं असणार. मोतीबिंदूबरोबर जुनं भिंग गेलं, त्याची ओढ गेली, आणि पुढच्या काचेचा आधीपासूनचा सिलिंडर उघडा पडला.

मामांना सांगितलं, "तिफणीला जोडी जुंपली. एक बैल डावीकडं ओढणारा, दुसरा तितकाच उजवीकडं. तास सरळ निघतं. एक बैल सोडला की?"

"तास वाकडं," मामा म्हणाले. थोडा वेळ कागदाकडं बघत राहिले. "साहेब, हे तर बारदान झालं की."

मी म्हटलं, कसं?

"भरलं पोतं काट्यावर ठेवायचं. रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं. उरंल तो माल. तुमचा अख्खा डोळा म्हंजे भरलं पोतं. पुढची काच म्हंजे बारदान. वजा करा. आतलं किती, ते कळतं."

श्रोतेहो, डोळ्याच्या आतल्या बाजूंचा सिलिंडर मोजायची जुनी आणि आजही चालणारी पद्धत हीच आहे. अख्ख्या डोळ्याचा सिलिंडर काढा, त्यातून पुढच्या काचेचा वजा करा, उरला तो आतला. फक्त ही वजाबाकी दिशेसकट करावी लागते. ९० अंशांवरचा एक आणि १८० अंशांवरचा एक मिळून दोन होत नाहीत, ते एकमेकांना मिटवतात.

मामा एवढ्यावर उठले नाहीत. चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, "पुढची काच सव्वा. जुनं भिंग तर काढून टाकलं. मग नंबर सव्वा यायला पायजे. तुमी एक म्हनता. पाव कुठं गेला वो साहेब?"

मापाडी पाव सोडत नाही! पाव पारपटलाच्या मागच्या बाजूनं खाल्ला होता. ही बाजू ऑपरेशनमध्ये जात नाही, जागेवरच राहते. बहुतेकांमध्ये ती उभ्या दिशेत जास्त वाकलेली असते, आणि तिचं काम पुढच्या बाजूच्या उलट, उजेड पसरवण्याचं, म्हणून ती पुढच्या उभ्या सिलिंडरमधून थोडा कमी करते. मोठ्या पाहण्यांमध्ये तिचा वाटा सरासरी ०.३० डायॉप्टर आला आहे. इतका कमी का? पुढच्या बाजूला हवा संपते आणि पारपटल सुरू होतं, तिथं उजेड जोरात वळतो. मागे मात्र पारपटल संपून पाणी सुरू होतं. दोघांचे वक्रीभवनांक १.३७६ आणि १.३३६. एवढ्याशा फरकानं उजेड कितीसा वळणार? शिवाय चष्म्याच्या काचाच पाव-पावाच्या टप्प्यानं येतात, तेव्हा हा हिशेब सोन्याच्या काट्यावरचा नाही, हेही मी मामांना सांगितलं.

आणि ही मागची बाजू केरॅटोमीटरला दिसत नाही. ते पुढची बाजू मोजतं आणि मागची ठराविक प्रमाणात असेल असं धरून चालतं. ती प्रत्यक्ष मोजायला फिरत्या कॅमेऱ्यासारखं यंत्र लागतं. त्याचं तत्त्व ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते थिओडोर शाइमफ्लुग ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते, आणि त्यांचं काम बलूनमधून जमिनीचे फोटो घेण्याशी संबंधित होतं, डोळ्याशी नाही.

तुम्ही लहानपणी विहिरीत डोळे उघडे ठेवून बुडी मारली असेल. आमच्या गावच्या बारवेत आम्ही तळाचा दगड आणायची पैज लावायचो. पाण्याखाली सगळं धूसर दिसतं, कारण पाणी डोळ्याला भिडलं की पुढच्या काचेची ताकद जवळजवळ संपते. थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरांनी हीच गोष्ट मुद्दाम करून बघितली. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यात सिलिंडर होता. तो पुढच्या काचेतून येतो का, हे पाहायला त्यांनी भिंग बसवलेल्या एका छोट्या नळीत पाणी भरलं आणि ती डोळ्याला लावली. पुढची काच हिशेबातून गेली, तरी सिलिंडर तसाच राहिला. म्हणजे तो आतला होता. हे १८०१ साली छापून आलं. तेव्हा ॲस्टिग्मॅटिझम हा शब्दही नव्हता आणि सिलिंडरचा चष्माही नव्हता. तो चष्मा जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञांनी स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठी १८२५ च्या सुमारास घडवून घेतला. यंग यांच्या त्या पाण्याच्या नळीबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. बारदान वजा न करता त्यांनी बारदानच काढून ठेवलं.

पुढे १८९० मध्ये फ्रान्सच्या एमिल जावाल यांनी एक नियम दिला: पुढच्या काचेचा सिलिंडर सव्वापट करा, आणि आतल्या बाजूंचा म्हणून अर्धा डायॉप्टर उलट धरा. सरासरीला हा नियम बऱ्यापैकी बसतो. पण मामांना लावून बघा. सव्वाची सव्वापट सुमारे दीड, त्यातून अर्धा गेला, उरला एक. मामांच्या डोळ्यात होता शून्य. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असतं की, सरासरी बाजूला ठेवा आणि समोरचा डोळा मोजा. "कॉम्प्युटरवर एका मिनिटात नंबर" अशा पाट्यांवर आता फार भरवसा ठेवला जातो. यंत्र वाईट नाही, सुरुवातीला फार उपयोगी आहे. पण या कामात नव्यानं येणाऱ्या मुलामुलींनी रेटिनोस्कोप हातातून सोडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आणि आठवडी बाजारातले तयार चष्मे! त्यांत सिलिंडर नसतोच. दोन्ही डोळ्यांना एकच गोल नंबर. ते घालून म्हातारी माणसं वर्षानुवर्षं डोकं धरून बसतात.

आता कामाची गोष्ट. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाताना जुन्या चष्म्याच्या चिठ्ठ्या बरोबर न्या. फाटक्या असल्या तरी न्या. पुन्हा सांगतो, जुनी चिठ्ठी बरोबर न्या. आधी सिलिंडर नव्हता आणि नंतर निघाला, तर घाबरू नका, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन टाळू नका. पारपटलाची मोजमापं आधी किती होती आणि आता किती आहेत, एवढं विचारा. सिलिंडर आतच भरलेलं टोरिक भिंगही मिळतं. ते ठरलेल्या अक्षावर बसावं लागतं. ३० अंशांनी फिरलं तर त्याचा फायदा जवळजवळ संपतो. आणि ते निवडताना पारपटलाची मागची बाजू हिशेबात धरली आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. नाहीतर मामांसारख्या डोळ्यात पाव जास्तीचा भरला जातो.

मामांनी साधंच भिंग घेतलं, चष्मा चालेल म्हणाले. संक्रांतीनंतर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिन्यानं ते आले, तीच कॅरीबॅग घेऊन. मी रेटिनोस्कोप हातात घेतला तसे म्हणाले, "थांबा साहेब. पुढची काच सव्वा. एक यायला पायजे."

तपासलं, तर निघाला पाऊण. ट्रायल फ्रेममध्ये एकची काच घातली, काढली, पाऊणची घातली. मामांनी भिंतीवरच्या तक्त्यावरची खालची ओळ वाचली, पुन्हा एकची काच मागून घेतली, पुन्हा पाऊणची.

"पाऊणच," ते म्हणाले. "हिकडं मागच्या बाजूनं अर्धा खाल्ला. लिहा."

मी लिहिलं. नमस्कार.