चिलटाला चकवणारं फूल

श्रोतेहो, नमस्कार.

ऑर्किड म्हटलं की फुलवाल्याकडची लांब दांडीची जांभळी फुलं आठवतात. आज मी सांगणार आहे ते त्यांच्या अगदी चिमुकल्या नातलगांविषयी. लेपँथिस ही अमेरिका खंडातली प्रजाती, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट. मेक्सिकोपासून अँडीजच्या उतारांपर्यंत आणि कॅरिबियन बेटांवर, ढगांत भिजणाऱ्या जंगलांत, शेवाळलेल्या फांद्यांवर ती वाढते. जाती हजाराहून जास्त. पण बहुतेकींचं फूल जेमतेम काही मिलिमीटरचं, तेही पुष्कळदा पानालाच चिकटून. नीट पाहायचं तर भिंग हवंच.

एवढ्याशा फुलाकडे येतं कोण आणि कशासाठी? कोस्टा रिकात मारिओ ब्लँको आणि गाब्रिएल बार्बोसा यांनी लेपँथिस ग्लिकेन्स्टाईनी या जातीवर नजर ठेवली, कॅमेरे लावले. 2005 साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. पाहुणा निघाला एकच, एका जातीचं चिलट. कुंडीत पाणी जास्त झालं की मातीवर काळी चिलटं घिरट्या घालतात ना, त्यांच्याच कुळातलं. आणि येत होते फक्त नर!

त्यांना लांबून ओढून आणतो तो बहुधा वास. फुलाच्या ओठावर, म्हणजे ऑर्किडच्या त्या वेगळ्या घडणीच्या पाकळीवर, एक बारीकसा उंचवटा असतो. नर पोट वळवून ओठाखाली नेतो आणि शेपटाकडच्या चिमट्यांनी तो उंचवटा पकडतो. त्याच्या लेखी समोर मादी आहे. मग तो फुलावरून उतरून मागे तोंड करतो, पकड मात्र सोडत नाही. या गिरकीत परागपुंज, म्हणजे परागांचा गोळा, त्याच्या पोटाला चिकटतो. पुढच्या फुलाशी पुन्हा हीच फसगत झाली, की तो परागपुंज तिथल्या कुक्षीवर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागावर, पोचतो. चिलटाच्या पदरात काहीच पडत नाही. इतका बेरकी व्यवहार मी दुसऱ्या फुलाचा क्वचितच ऐकलाय.

या दोघा संशोधकांनी आणखी काही जाती पाहिल्या. तिथेही चिलटंच, पण वेगळ्या जातींची. फूल ज्याच्या मादीचं सोंग घेतं, तोच नर येतो; म्हणून शेजारच्या जातीचे पराग सहसा मिसळत नाहीत. एकाच प्रजातीत हजारावर जाती कशा झाल्या, याचं एक कारण इथे असू शकतं.

अर्थात हा जुगारच. प्वेर्तो रिकोतल्या लेपँथिस रुपेस्ट्रिसची बहुतेक फुलं फळ न धरताच गळून जातात. म्हणून ही झाडं घाई करत नाहीत. एकाच देठावर एकामागून एक फूल उमलत राहतं, कित्येक महिने. त्यातल्या एखाद्याशी चिलट फसलं, तर फळ धरतं आणि त्यातून धुळीसारखं बारीक बी वाऱ्यावर जातं.