हाकेच्या अंतरावर: यानोसची माणसं आणि जनावरं

[दृश्य: पहाटेचा अंधार. लाकडी वाडगं, गाईंच्या पाठी, कंदिलाचा उजेड. फक्त रानातले आवाज.]

निवेदन:

अजून फटफटलेलंही नाही. कोलंबियाच्या पूर्वेला, कासानारे प्रांतातल्या एका गुरांच्या वाडीवर धारा काढायची वेळ झाली आहे. वाडग्यात एका बाजूला गाई रवंथ करत बसल्यात, पलीकडे रात्रभर वेगळी ठेवलेली वासरं हंबरतायत. धार काढणारा गडी बादली घेऊन उभा राहतो आणि गाऊ लागतो. गाणं दोन-चार ओळींचंच. त्यात एका गाईचं नाव येतं. ते नाव तो लांबवतो, त्याला हेल देतो, आणि एवढ्या कळपातून नेमकी तीच गाय उठून फाटकाशी येते.

फाटकावरचा पोरगा तिचंच वासरू सोडतो. वासरू ढुशा देत लुचतं, गाय पान्हा सोडते. मग वासराला आईच्या पुढ्यात बांधायचं, म्हणजे ती त्याला चाटत राहते. गडी उकिडवा बसून धार काढतो, गाणं चालूच असतं. कास हलकी झाली की ती गाय बाजूला, आणि गाण्यात पुढच्या गाईचं नाव.

[दृश्य: उजाडतं. सपाट गवताळ प्रदेश, क्षितिजापर्यंत. दूरवर ताडांची रांग.]

या मुलखाचं नाव यानोस. अँडीज पर्वताच्या पूर्व पायथ्यापासून ओरिनोको नदीपर्यंत, कोलंबिया आणि व्हेनेझुएला अशा दोन देशांत पसरलेला, अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा गवताचा प्रदेश. मेता, कासानारे, अराउका, अपुरे या नद्या अँडीजकडून येतात आणि इथे येऊन संथ होतात, कारण जमिनीला उतारच नाही. एप्रिल-मेपासून नोव्हेंबरपर्यंत पाऊस पडतो. त्या दिवसांत नद्या पात्राबाहेर पडतात आणि मैलोन् मैल पाणी साचून राहतं. डिसेंबरपासून पुढे मात्र आभाळ कोरडं पडतं. गवत वाळतं, तळी आटतात, गाळाला भेगा पडतात.

नवख्या माणसाला हे सगळं रान सपाट दिसतं. इथल्या यानेरोला, म्हणजे यानोसच्या घोडेस्वार गुराख्याला, त्यात तीन वेगवेगळ्या पातळ्या दिसतात. नद्यांनी पूर्वी टाकलेल्या गाळाचे उंचवटे म्हणजे बांको. घर, वाडगं, झाडं, सगळं तिथे. त्याखालची जमीन म्हणजे बाहिओ, पावसाळ्यात गुडघाभर पाण्याखाली जाणारी. आणि सर्वांत खोल एस्तेरो, जिथलं पाणी बरेचदा उन्हाळ्यातही टिकतं. या पातळ्यांमधला फरक मीटर-दोन मीटरचा. पण गुरं कुठे चरणार, पक्षी कुठे उतरणार, माणसाने अंथरूण कुठे पसरायचं, हे सगळं त्या एक-दोन मीटरांवर ठरतं. ओढ्यांच्या कडेने मोरिचे ताडाच्या राया आहेत. त्या ताडाच्या तंतूंपासून यानेरो झोळ्या विणतात आणि त्यांतच झोपतात. खाली पाणी असो की साप, झोळी अधांतरी.

[दृश्य: अनवाणी स्वार. अंगठा रिकिबीत अडकवलेला. धावता घोडा, कातडी दोर.]

यानेरो अनवाणी घोड्यावर बसायचे, पायाचा अंगठा रिकिबीत अडकवून. कच्च्या कातड्याचा पिळलेला दोर घोड्याच्या शेपटीला बांधायचा आणि फेकलेल्या फासात अडकलेल्या बैलाचा सगळा हिसका घोड्याच्या मागच्या अंगावर घ्यायचा, ही त्यांची जुनी रीत. 1819 साली स्पेनविरुद्धच्या सिमोन बोलिव्हारच्या स्वातंत्र्ययुद्धात भाले घेऊन लढले ते हेच गुराखी. 25 जुलैला व्हार्गासच्या दलदलीत लढाई हातची जायची वेळ आली, तेव्हा हुआन होसे रोंदोन हा यानेरो सरदार मोजके चौदा भालाईत घेऊन पुढे घुसला आणि त्याच्या मागोमाग बाकीचं सैन्य. कोलंबियात ही गोष्ट शाळकरी पोरांनाही ठाऊक असते.

मला मात्र त्या भाल्यांपेक्षा त्यांच्या गळ्याचं नवल जास्त वाटतं. धारेची गाणी आपण ऐकलीच. कळप लांबच्या बाजाराला हाकत न्यायचा, तेव्हा सर्वांत पुढे काब्रेस्तेरो असायचा. तो गात चालायचा आणि गुरं त्याच्या आवाजामागे यायची. वाटेत नदी लागली की तो घोड्यासकट पाण्यात उतरायचा, तेही गातच, आणि आवाज पुढे आहे म्हणून कळप पाण्यात पाय टाकायचा. रात्रीचं गाणं वेगळं. उघड्यावर बसवलेल्या शेकडो गुरांभोवती स्वार फेऱ्या घालत, शीळ घालत, हळू आवाजात गात. वीज कडाडली किंवा जॅग्वारचा वास आला तर कळप उधळतो, आणि उधळलेल्या कळपाखाली माणूस सापडला तर काही उरत नाही. ओळखीचा आवाज कानावर असेल तर गुरं बसून राहतात. रानटी घोडा किंवा खोंड माणसाळवतानाही असंच गाणं.

ही गाणी एकट्याने म्हणायची असतात, साथीला वाद्य नसतं. 2017 मध्ये युनेस्कोने कोलंबिया आणि व्हेनेझुएलाची ही श्रमगीतं तातडीने जतन करण्याच्या वारशाच्या यादीत घेतली. तातडी अशासाठी, की आता गुरं ट्रकमधून जातात. रस्ते आले, कुंपणं आली, आणि काब्रेस्तेरोला पुढे चालायला कळपच उरला नाही.

[दृश्य: पांढरट-करडी, वशिंडाची गुरं. गळ्याखालची पोळी हलते.]

ही गुरं नीट बघा. पाठीवर वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, लांब कान. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणलेली गुरं अशी नव्हती. त्यांच्या वंशातली काटक क्रिओयो जनावरं आजही थोडी आहेत, पण विसाव्या शतकात यानोसमध्ये भारतीय रक्ताची गुरं आली आणि त्यांनी रान व्यापलं. ऊन सोसणारी, गोचिडांना दाद न देणारी. यातली बरीचशी ब्राह्मन नावाच्या जातीची. ही जात अमेरिकेत घडवली गेली, आणि तिच्या मुळाशी भारतातल्या चार जाती सांगतात: गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा व्हॅली. यातली शेवटची आपल्या कृष्णाकाठची. सांगली-मिरज भागातल्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकात ती जोपासली गेली, काळ्या चिकट रानात नांगर ओढण्यासाठी. तिच्या घरी ती आज फारच थोडी उरली आहे. इकडे ओरिनोकोच्या खोऱ्यात तिच्या रक्ताचा अंश असलेली गुरं गुडघाभर पाण्यात चरतायत, हे पाहून ऊर भरून येतो.

[दृश्य: पाणवठा. चिग्विरोंचा कळप. एकाच्या पाठीवर ससाण्याच्या कुळातला पिवळसर डोक्याचा पक्षी.]

त्याच गुरांच्या शेजारी बसलाय तो चिग्विरो, म्हणजे कॅपिबारा, जगातला सर्वांत मोठा कृंतक. उंदीर-खारींच्या गणातला, पण वजन पन्नास किलोच्या आसपास. कान, डोळे, नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे सगळं अंग पाण्यात ठेवूनही बघता येतं, श्वास घेता येतो. बोटांमध्ये पडदे. धोका वाटला की एखादा कुत्र्यासारखा भुंकतो आणि सगळा कळप धडाधड पाण्यात. मीलनही पाण्यातच. पिल्लं कळपातल्या कुठल्याही आईला लुचतात, ती हाकलत नाही.

त्याच्या पाठीवरचा पक्षी करिकारे. तो गोचिडी टिपतो. चिग्विरो कधीकधी सरळ आडवा पडतो आणि पोट त्याच्यापुढे करतो. मानेखालची, काखेतली गोचीड चोचीने अलगद निघते आणि हे जनावर डोळे मिटून स्वस्थ. गाईंच्या पाठीवरही हेच पक्षी बसतात.

व्हेनेझुएलात चिग्विरोचं खारवलेलं, वाळवलेलं मांस ईस्टरच्या आधीच्या उपवासात खातात. पाण्यात राहणारा प्राणी म्हणून वसाहतीच्या काळापासून तो माशांच्या पंगतीत बसवलेला आहे. त्यापायी शिकार अमाप झाली. पण खरा जीव घेतो तो उन्हाळा. 2014 च्या सुरुवातीला कासानारेतल्या पास दे आरिपोरो भागात पाणवठे आटले आणि हजारो चिग्विरो मेले. गाई मेल्या, कासवं मेली, मासे मेले. भेगाळलेल्या तळ्यात एकाला एक लागून पडलेली कलेवरं, ही दृश्यं तेव्हा सगळ्या कोलंबियाने पाहिली. पाऊस कमी झाला हे खरंच. त्याबरोबर तेलविहिरी, रस्त्यांनी अडलेले प्रवाह आणि जास्त चराई यांच्याकडेही बोट दाखवलं गेलं. वाद संपला नाही.

[दृश्य: गढूळ डबकं. पाण्याखाली विजेरी वामची हालचाल.]

अशाच एका डबक्याशी 1800 साली मार्चमध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट उभा होता, व्हेनेझुएलातल्या कालाबोसो गावाजवळ. त्याला विजेचा धक्का देणाऱ्या वाम हव्या होत्या. हाताने पकडायला कोणी धजेना. तेव्हा गावकऱ्यांनी घोडे आणि खेचरं पाण्यात हाकली. वाम उसळून घोड्यांच्या पोटाला भिडल्या. काही मिनिटांत दोन घोडे गतप्राण झाले. शेवटी वाम थकल्या आणि मग त्या बाहेर काढता आल्या. बिचाऱ्या घोड्यांचं वाईट वाटतं. या वर्णनावर पुढे अनेकांनी विश्वास ठेवला नाही. पाण्यातला मासा कशाला उसळून अंगावर येईल? 2016 मध्ये केनेथ कॅटेनिया या अमेरिकी शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत दाखवलं की तो येतो. पाणी उथळ असेल आणि समोर काही आलं, तर वाम पाण्याबाहेर झेप घेते, हनुवटी त्या वस्तूला टेकवते आणि धक्का देते. पाण्यात विरून जाणारी वीज मग थेट शत्रूच्या अंगात जाते.

[दृश्य: कुंपणाचे खांब. खांबाला बांधलेली पीव्हीसी नळी. हिरवा, चिमणीएवढा पोपट.]

त्याच कालाबोसोच्या दक्षिणेला मासागुआराल नावाची वाडी आहे. गुरांचीच. मालक तोमास ब्लोम यांनी इथे शिकारीला बंदी केली आणि अभ्यासकांना दार उघडं ठेवलं. इथे चिमणीएवढे हिरवे पोपट आहेत. स्टीव्हन बायसिंगर यांनी 1980 च्या दशकात कुंपणाच्या खांबांना पीव्हीसीच्या नळ्या लावून त्यांना घरटी करून दिली आणि पोपटांनी ती बिनतक्रार घेतली. त्या नळ्यांत कॅमेरे बसवून कार्ल बर्ग यांनी एक गोष्ट शोधली, ती 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक पिल्लाला एक स्वतंत्र साद असते, त्याची त्याची. ती साद पिल्लू ऐकून शिकतं. बर्ग यांनी काही घरट्यांतली अंडी अदलाबदल केली, आणि पिल्लांनी ज्यांनी वाढवलं त्यांच्यासारखी साद उचलली. आईबाप पिल्लाला नाव देतात, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. कासानारेच्या वाडग्यात गाईला नावाने हाक मारणारा गडी आणि इथल्या नळीत पिल्लाला हाक मारणारी पोपटीण, एकाच रानातली.

मला या मुलखाबद्दल जे सांगायचं आहे ते इथेच आहे. यानोसची गुरं आणि यानोसची वन्यसृष्टी यांचं नशीब एकत्र बांधलेलं आहे. मूळ गवत कमी कसाचं, म्हणून गुरं विरळ. एकेका गाईला काही हेक्टर रान लागतं. त्यामुळे गवत मोडलं गेलं नाही, पाणी आपल्या वाटेने फिरत राहिलं, आणि त्याच रानात मुंगीखाऊ, लालभडक कोरोकोरा पक्षी आणि अॅनाकोंडा टिकून राहिले. जंगल तोडून केलेल्या कुरणाची गोष्ट वेगळी. इथलं कुरण आधीपासूनच कुरण आहे. आता त्यावर नांगर फिरतोय. कासानारेत भात, मेतामध्ये पाम तेलाच्या बागा. काही भागात माती इतकी आम्ल आहे की पीक येण्यासाठी आधी चुना पसरावा लागतो. एवढा खर्च करून जी जमीन लागवडीखाली येते, ती कागदोपत्री ‘रिकामी’ असते.

[दृश्य: रात्री स्वयंचलित कॅमेऱ्यात टिपलेला जॅग्वार. सकाळी शिंगं रोखून उभी तांबूस गुरं.]

जॅग्वार वासरं मारतो आणि वाडीवाले जॅग्वार मारतात, हे भांडण जुनं आहे. त्यावर पँथेरा ही वाघ-जॅग्वारसारख्या मोठ्या मार्जारांसाठी काम करणारी संस्था इथल्या शेतकऱ्यांबरोबर एक जुनाच उपाय करतेय. स्पॅनिश काळापासून इथे रुळलेली सान मार्तिनेरो जातीची गुरं कळपात मिसळायची. ही गुरं पळत नाहीत. वासरांना मध्ये घेऊन शिंगं बाहेर रोखून उभी राहतात. शिकार सोपी नाही म्हटल्यावर जॅग्वार चिग्विरोकडे वळतो.

[दृश्य: रुंद नदी, वाळूचा दांडा. अरुंद लांब जबड्याची मगर.]

ओरिनोकोच्या मगरीला असा उपाय मिळेपर्यंत फार उशीर झाला होता. सहा मीटरपर्यंत वाढणारी ही मगर हुंबोल्टने काठाकाठाला पाहिली होती. 1930 नंतरच्या दोन-तीन दशकांत कातड्यासाठी तिची कत्तल झाली आणि ती नामशेष व्हायच्या बेताला आली. मासागुआरालच्या वाडीवर ब्लोम यांनी मगरीही वाढवल्या. 1990 पासून व्हेनेझुएलात अशी वाढवलेली हजारो पिल्लं नद्यांत सोडली गेली, आणि अपुरेतल्या कान्यो ग्वारितिकोच्या परिसरात सोडलेल्या मगरींची पुढची पिढीही जन्मली. मादी कोरड्या दिवसांत वाळूत अंडी पुरते. पहिल्या पावसाच्या सुमारास पिल्लं अंड्यातूनच ओरडू लागतात, ते ऐकून ती वाळू उकरते. कापानापारो नदीवर मात्र माणसं ती अंडी आधीच उकरून नेतात. आज सोडलेली मादी अंडी घालायला दहाएक वर्षं घेईल, आणि तोवर तिला तोच वाळूचा काठ लागणार आहे.